गोळीचं नाक



फेकलेली वस्तू लागते कशी, हे बाहेरच्या माणसाने येऊन पांढुर्ण्याला शिकवावं असं काही उरलेलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात, दगडफेकीचं जे होतं ते तुम्ही लहानपणापासून बघत आला आहात. काही घरांत त्याच्या खुणा आहेत, काही घरांत त्याहून वाईट आठवणी आहेत. म्हणून या गोटमारीवर टाळ्यांची वाक्यं मी बोलणार नाही. फक्त एका गोष्टीकडे बोट दाखवतो. दगड थांबवायचे प्रयत्न प्रशासनाने करून पाहिले, रबरी चेंडूसुद्धा वाटून पाहिले. ते काही रुजलं नाही. बंदी जी ठामपणे सांगितली गेली ती गोफणीवर. म्हणजे दगड तोच, नदीतलाच. मारणारा तोच, लागणाराही तोच. मग बंदी आली कशावर?

वेगावर आली. वेग दुप्पट झाला की दगडातली ऊर्जा चौपट होते, हे नववीच्या पुस्तकातलं गणित आहे. हाताने फेकलेला दगड एक वेळ परंपरेत बसतो, गोफणीतून सुटलेला बसत नाही.

मारणं चालू ठेवायचं, आणि मारायचं कशाने यावर नियम करायचा. हा प्रकार काही पांढुर्ण्यातच घडतो असं नाही. जगातले मोठमोठे मुत्सद्दी, सेनापती, शल्यविशारद एकत्र बसून नेमकं हेच करत आले आहेत. आज मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी तुमच्यासमोर दोन गोळ्या ठेवायच्या आहेत. एक शिकारीची, एक फौजेची. प्रत्यक्षात आणलेल्या नाहीत, घाबरू नका, पोलीस ठाणं जवळच आहे. पण कल्पना करा. दोन्हींची जाडी एक, वजन जवळपास एक, रंग तोच तांबूस. फरक आहे तो नाकाच्या टोकाशी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. आणि गंमत अशी की जंगलात जी गोळी वापरणं सभ्यपणाचं मानलं जातं तीच रणांगणावर गुन्हा ठरते. रणांगणावर जी सभ्य, ती घेऊन हरणामागे जाणारा शिकारी बेजबाबदार ठरतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तर मोठ्या जनावरांच्या शिकारीला फौजी गोळी वापरणं कायद्यानेच मना आहे. असं उलटं का?

सुरुवात आपल्याच डोंगरातून करू.

भोसल्यांचं राज्य खालसा झालं १८५४ मध्ये, आणि १८६१ मध्ये नागपूर राजधानी करून मध्य प्रांत तयार झाला. आपला हा छिंदवाडा मुलूख त्यातच. या नव्या प्रांतात कुठे किती जंगल आहे, कोण राहतं, काय पिकतं हे बघायला जी माणसं सातपुड्यात पाठवली गेली, त्यांत कॅप्टन जेम्स फोर्साइथ नावाचा एक तरुण अधिकारी होता. पचमढीच्या पठारावर त्याने बांधलेलं बायसन लॉज सहलीला गेलेल्यांनी पाहिलं असेल. त्याचं मध्य हिंदुस्थानातल्या डोंगराळ प्रदेशावरचं पुस्तक १८७१ साली निघालं, आणि त्याच वर्षी तो वारला, चाळिशीही गाठली नव्हती. ते पुस्तक अजून वाचलं जातं. पण त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने आणखी एक पुस्तक लिहिलं होतं, ते आता फारसं कोणी उघडत नाही. शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या, हाच त्याचा विषय. म्हणजे माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका माणसाने या सातपुड्यातल्या अनुभवाच्या आधारे पुस्तकभर मांडून ठेवला होता.

त्याचं भांडण काय होतं? त्या वेळी फौजेत लांबट गोळी नुकतीच रुळली होती. एन्फिल्ड रायफलची ती लांबट गोळी, जिच्या काडतुसावरून १८५७ चा भडका उडाला. लांबट गोळी हवा कापत दूर जाते, वेग टिकवते. मग शिकाऱ्यांनीही तीच घ्यावी, असं विलायतेतले बंदूकवाले सांगू लागले. फौजेला जे चांगलं ते शिकारीलाही चांगलं, असा सरळ हिशेब. फोर्साइथ म्हणाला, थांबा. फौजेला कुठे मारायचं आहे? पाचशे, आठशे यार्डांवर. आणि मला? सागाच्या रानात, बांबूच्या बेटात, जास्तीत जास्त शंभर-दीडशे यार्डांवर. तेवढ्या अंतरात मला दूर जाणारी गोळी नको, सरळ जाणारी हवी. लांबट जड गोळी सावकाश निघते, कमान करून जाते. अंतराचा अंदाज जरा चुकला की डोक्यावरून गेली, नाहीतर पायाखाली पडली. आणि झाडीत उभ्या सांबराचं अंतर कोण मोजून घेतो?

म्हणून त्याने जुनी गोल गोळी पुन्हा उचलली. चौदा बोअरची. हा 'बोअर' शब्द आपल्याकडे बारा बोअरमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. चौदा बोअरची गोळी साधारण ३२ ग्रॅमची. तिच्यामागे त्याने दारू ठासून भरली, फौजेच्या मापापेक्षा कितीतरी जास्त. पण इथे एक अडचण येते. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्या गोळीला फिरकी देतात. पीळ घट्ट असेल आणि दारू जास्त असेल, तर मऊ शिशाची गोळी खाचा सोडून सरळ घसरत बाहेर येते. फोर्साइथने पीळच सैल केला. १०४ इंचांत एक फेरा. म्हणजे सव्वीस इंची नळीत गोळी जेमतेम पाव फेरा घेणार. गोल गोळीला तेवढीच फिरकी पुरते, कारण तिला मागचं-पुढचं असं काही नसतंच. ती वेगाने निघते, शंभर यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ जाते, आणि लागली की रुंद भोक पाडते.

मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो त्याच्या शिकारीसाठी नाही. त्याने मारलेली जनावरं मोजली तर आज आपल्याला कसंसंच होईल. आदर वाटतो तो प्रश्न विचारण्याच्या पद्धतीसाठी. कोणती गोळी चांगली, असं तो विचारत नाही. कुठे, किती अंतरावर, कोणावर, असं विचारतो.

त्याचा गोल गोळीचा पंथ फार काळ टिकला नाही. एक्स्प्रेस रायफली आल्या. हलकी लांबट गोळी, भरपूर दारू आणि गोळीच्या नाकात पोकळ भोक. हे भोक लक्षात ठेवा. जनावराच्या अंगात शिरताच नाक फुलतं, गोळी रुंद होते, आपली सगळी ऊर्जा आतच सोडते. हरणावर, बिबट्यावर उत्तम. गव्यावर मात्र ती कातडीखालीच फुटून विखरायची आणि गवा चालून यायचा, म्हणून सॅम्युअल बेकरसारखे जुने शिकारी तिच्या नावाने बोटं मोडत. पण इतकं लक्षात घ्या, की नाकात भोक पाडलेली गोळी ही शिकाऱ्यांची युक्ती. फौजेने ती नंतर उचलली.

आता मधली एक पायरी लवकर चढून जाऊ. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच माणसाने बिनधुराची दारू काढली. वेग एकदम इतका वाढला की नुसतं शिसं नळीत टिकेना. मग शिशाला तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण आलं. हे आवरण म्हणजे एक ओढून लांब केलेली वाटी असते. कारखान्यातही तिला वाटीच्या अर्थाचाच इंग्रजी शब्द आहे. फौजी गोळीत या वाटीचं बंद टोक पुढे असतं आणि तोंड मागे. शिसं मागून भरतात, त्यामुळे नाक पूर्ण झाकलेलं. शिकारीच्या गोळीत वाटी उलटी. बंद बूड मागे, तोंड पुढे, आणि तिथे शिसं उघडं. आपल्या दोन गोळ्यांतला सगळा फरक इथे आहे. एकच वाटी, एकीत पालथी घातलेली, दुसरीत सुलटी.

झाकल्या नाकाच्या गोळीची नवी थ्री नॉट थ्री रायफल घेऊन इंग्रज १८९५ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालवर गेले. तिथून तक्रारी आल्या की गोळी लागते, आरपार जाते, आणि माणूस धावतच राहतो. जुनी जाड शिशाची गोळी माणसाला जागेवर आडवा करायची, ही करत नाही. मग कलकत्त्याजवळच्या डमडम इथल्या दारूगोळा कारखान्यात, कॅप्टन बर्टी-क्ले याच्या देखरेखीखाली, आवरणाचं टोक किंचित कमी करून शिसं उघडं ठेवलेली गोळी तयार झाली. गावाचं नाव गोळीला लागलं आणि जगभर गेलं. त्याच सरहद्दीवर, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, आफ्रिदी टोळ्यांवर ती वापरली गेली.

आणि आता माझ्या मते या कथेतला सगळ्यात बोलका प्रसंग येतो.

जर्मनीत ट्युबिंगेनला पाउल फॉन ब्रुन्स नावाचे नामांकित शल्यविशारद होते. १८९८ मध्ये त्यांनी उघड्या नाकाच्या गोळ्यांचे प्रयोग केले आणि निष्कर्ष छापले. जखमा भयंकर होत्या; हाडांचा चुरा, स्नायूंच्या चिंध्या. युरोप हादरला. इंग्रज असं काहीतरी वापरतात? पण ब्रुन्स यांच्या हाती डमडमची गोळी नव्हती. त्यांनी वापरली जर्मन माउझरची शिकारीची गोळी, आणि तिचं नाक डमडमपेक्षा कितीतरी जास्त उघडं होतं. ॲबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी नेमकी हीच चूक दाखवली. तुम्ही एक गोळी झाडलीत आणि दुसरीला शिक्षा देताय, असा त्यांचा आक्षेप.

बोला, यात खरं कोण? ऑग्स्टन बरोबर होते, दोन गोळ्या एक नव्हत्या. पण म्हणून डमडम निरुपद्रवी ठरते का? ती बनवली तीच मुळी जखम मोठी व्हावी म्हणून. ब्रुन्स यांचा प्रयोग चुकीच्या गोळीवर होता, त्यांची चीड चुकीची नव्हती. सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंची तुलना करताना हा खड्डा नेहमी असतो. फरक आहे हे दाखवलं की वाद जिंकला, असं फरक दाखवणाऱ्याला वाटू लागतं.

१८९९ मध्ये हेगला शांतता परिषद भरली. इंग्लंडतर्फे सर जॉन आर्डा बोलले. सुसंस्कृत देशांतल्या युद्धात जखमी शिपाई खाली बसतो, पण रानटी माणूस गोळ्या खाऊनही चालून येतो, त्याला थांबवायला अशी गोळी लागते, असा त्यांच्या युक्तिवादाचा सारांश. हा रानटी कोण? आफ्रिदी, सुदानी. ज्याच्या देशात तुम्ही फौज घेऊन शिरलात तो. शिकारी चवताळलेल्या वाघाबद्दल जे बोलतो तेच शब्द इथे माणसाबद्दल बोलले जात होते, आणि गोळीही शिकाऱ्याचीच होती. माझ्या दृष्टीने डमडमची खरी लाज ही आहे. नाक किती मिलिमीटर उघडं होतं, ही नाही.

मतदान झालं. इंग्लंड आणि अमेरिका विरोधात, पोर्तुगाल तटस्थ, बाकी सगळे बंदीच्या बाजूने. २९ जुलै १८९९ चा तो जाहीरनामा. शरीरात सहज फुलणारी किंवा चपटी होणारी गोळी वापरायची नाही. पण त्याच्या पोटात एक कलम होतं. हे बंधन सह्या करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धापुरतंच. म्हणजे आफ्रिदी कुठे गेला? तो बाहेरच राहिला. इंग्लंडने सही केली १९०७ मध्ये.

जंगल आणि रणांगण यांचा नियम उलटा का, याचं उत्तर आता देता येईल. युद्धाबद्दलचा विचार १८६८ मध्येच सेंट पीटर्सबर्गच्या करारात मांडला गेला होता. शत्रूचा शिपाई लढण्यालायक राहू नये एवढंच तुम्हाला हवं. त्यापलीकडची वेदना फुकटची. जखमी शिपायाला उचलणारं कोणी असतं, डॉक्टर असतो, युद्ध संपल्यावर तो घरी जाऊ शकतो. म्हणून बारीक, स्वच्छ भोक. जनावराला यातलं काही नाही. बारीक भोक घेऊन सांबर पळालं तर तीन-चार दिवस कुठल्यातरी नाल्यात कुजत मरतं, आणि असा जखमी वाघ पळाला तर गावाला ते महागात पडतं. म्हणून तिथे जागेवर मारणारी गोळी हीच दया. एकाच जखमेला एकीकडे क्रौर्य म्हणायचं आणि दुसरीकडे करुणा, आणि दोन्ही ठिकाणी ते खरं असायचं. याच १८६८ च्या करारात ४०० ग्रॅमखालच्या फुटणाऱ्या गोळ्यांवर युद्धात बंदी आली, आणि त्याच काळात हिंदुस्थानातले साहेब वाघावर फुटणाऱ्या गोळ्या झाडत होते. कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही.

नियम झाला की पळवाट येते. १९१० मध्ये थ्री नॉट थ्रीची नवी गोळी आली, मार्क सात. टोकदार, पूर्ण झाकलेली, १७४ ग्रेनची. ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराच्या अर्ध्या गुंजेच्या आसपास. ही गोळी ११ ग्रॅमच्या वर. हेगच्या शब्दांत तंतोतंत बसणारी. फक्त आवरणाच्या आत, पुढच्या भागात, शिशाऐवजी ॲल्युमिनियम. पुढे हलकी, मागे जड. हवेत ती सरळ जाते, पण शरीरात शिरली की तोल जाऊन आडवी फिरते. नाक फुललं नाही, चपटं झालं नाही, जाहीरनाम्याला कुठे धक्का लागला नाही. दोन्ही महायुद्धांत आपले मराठे शिपाई हीच गोळी झाडत होते.

आपल्याकडच्या बंदुकीच्या परवान्यांचा इतिहासही याच जातीचा आहे. त्यावर थोडंच बोलतो, कारण इथे हसण्यापलीकडे फार काही नाही. फौजेचं काडतूस लोकांच्या हाती लागू नये म्हणून १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थानात पॉइंट ४५० च्या रायफली बंद केल्या. लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केलं? ४६५ काढली, ४७० काढली, ४७५ काढली. वाघाला फरक कळला नसावा. थ्री नॉट थ्रीही सामान्यांना मना, म्हणून आली पॉइंट ३१५, जी आजही सरकारी कारखान्यात बनते. तिची गोळी जवळपास १६ ग्रॅमची, उघड्या नाकाची. थ्री नॉट थ्रीपेक्षा जाड आणि जड! फौजेची ७.६२ गुणिले ५१ निषिद्ध, पण ७.६२ गुणिले ६३, म्हणजे थर्टी-नॉट-सिक्स, परवान्यावर मिळू शकते. गोळीचा व्यास दोन्हीकडे तोच, ०.३०८ इंच. काडतूस मात्र नागरिकाचं लांब आणि दारू जास्त. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकारच बंद झाल्यावर परवानाधारक मऊ नाकाची ती गोळी घेऊन करणार काय, हे परवान्यावर लिहिलेलं नसतं.

आता आजच्या दोन गोळ्यांकडे. मराठी माणसांना हा धंदा परका नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, भुसावळजवळचा वरणगावचा १९६४ पासूनचा. फौजेची झाकल्या नाकाची गोळी तिथल्या हातांना सवयीची आहे. पण नेमबाजांना गेल्या काही दशकांत एक वेगळा शोध लागला. फौजी गोळीची वाटी मागून उघडी असल्यामुळे तिचं बूड दर वेळी अगदी एकसारखं येत नाही, आणि नेम बुडावर अवलंबून असतो. नळीतून सुटताना वायू शेवटचा धक्का तिथेच देतो. शिकारीच्या पद्धतीने वाटी सुलटी ठेवली, तर बूड बंद, गुळगुळीत, आणि नेम सुधारतो. नाकावर मात्र बारीक छिद्र उरतं. ते फुलण्यासाठी नाही, वाटी मिटवताना राहिलेलं. झालं! स्पर्धेतले नेमबाज ती वापरू लागले, मग फौजेतले दूरचा नेम धरणारे मागू लागले. आणि हेगचा जाहीरनामा समोर उभा राहिला. नाक उघडं आहे ना? मग ही डमडमची बहीण.

अमेरिकी सैन्याच्या वकिलांना यावर मत द्यावं लागलं. १९९० मधलं डब्ल्यू. हेज पार्क्स यांचं टिपण प्रसिद्ध आहे. छिद्र अचूकतेसाठी आहे, शरीरात ही गोळी शिकारीच्या गोळीसारखी खात्रीने फुलत नाही, म्हणून चालेल, असा त्याचा मथितार्थ. यावर तुम्ही म्हणाल, वकील काय, काहीही सिद्ध करतील. मीही आधी तसंच म्हणत असे. पण यंत्रशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर म्हणणं बरंचसं खरं आहे. शिकारीच्या गोळीत आवरण नाकाकडे मुद्दाम पातळ ठेवतात, कधी आतून चिरा देतात, टोकाला प्लास्टिकची अणी बसवतात, म्हणजे ती आत दाबली जाऊन नाक ठरलेल्या वेगाला उमलावं. काहींत तर मधोमध पडदा असतो: पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. ही युक्ती जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याने चाळीसच्या दशकात काढली, चिखल माखलेल्या मूस या मोठ्या हरणावर त्याच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या म्हणून. आपल्या गव्याचीच तक्रार, फक्त दुसऱ्या खंडात. नेमबाजाच्या गोळीत यातलं काही नसतं. ती कधी फुटते, कधी आडवी होते, कधी आरपार जाते.

म्हणजे ट्युबिंगेनचा वाद पुन्हा उभा राहिला, पण उलट्या बाजूने. तेव्हा वेगळ्या गोळ्यांना एक समजलं गेलं. आता एकसारख्या दिसणाऱ्या गोळ्या वेगळ्या आहेत हे पटवून द्यायचं. आणि बाहेरून बघणाऱ्याकडे साधन काय? नाकच. वजन विचारा, व्यास विचारा, वेग विचारा, सगळं सारखं येईल. विचारायचं ते हे, की आवरण नाकाशी किती जाड आहे आणि किती वेगाला ते उमलावं म्हणून बनवलं आहे. हे डब्यावर छापलेलं नसतं, कारखान्याच्या नकाशात असतं.

कायद्यालाही ही अडचण दिसली. २०१० मध्ये कम्पालाला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या सदस्य देशांच्या परिषदेत, फुलणाऱ्या गोळ्यांचा गुन्हा देशांतर्गत संघर्षांनाही लागू करणारी दुरुस्ती झाली. १८९९ मध्ये ज्या आफ्रिदीला बाहेर ठेवलं होतं, त्याच्यासारख्यांसाठी दार इथे थोडं उघडलं. पण त्याबरोबर एक समजही नोंदवली गेली: वेदना विनाकारण वाढवण्यासाठी ती गोळी वापरली असेल तरच गुन्हा. याचं कारणही आहे. अनेक देशांचे पोलीस गर्दीच्या जागी फुलणारी गोळीच वापरतात. झाकल्या नाकाची गोळी आरोपीच्या आरपार जाऊन मागच्या माणसाला लागते, म्हणून. तिथे पुन्हा शिकाऱ्याचा नियम लागू होतो, आणि सैनिकाचा मागे पडतो.

तेव्हा एकशे अकरा वर्षांत न्यायाधीशाचं काम बदललं. हेगच्या वेळी त्याला गोळी हातात घेऊन नाक बघितलं की पुरत होतं. आता त्याला ती गोळी मागवणाऱ्या अधिकाऱ्याचं पत्र, चाचणीचे कागद, आणि गोळी झाडली तेव्हा समोर कोण होतं, मागे कोण होतं, किती अंतरावर, हे सगळं वाचावं लागेल.